घरात शांत कधी असतं?

गिटारचा अ‍ॅम्प घ्यायला आलेल्या माणसाला मी सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारते, "घरात शांत कधी असतं?" बिचारा वॅट, कंपनी, बटणं असं सगळं मोबाइलवर घोकून आलेला असतो. त्याला वाटतं, या बाईला माझ्या संसाराच्या चौकशा कशाला? कोणी हसतं, कोणी बरोबर आलेल्या बायकोकडे बघतं. अनगोळचे एक वकील म्हणाले होते, "आक्का, घरात शांत असतं तर मी गिटार कशाला घेतली असती?" त्यांना मी चहा दिला आणि प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर मिळाल्याशिवाय मी कपाट उघडत नाही.

हा प्रश्न मला कोणी शिकवला नाही. माझ्या एका चुकीतून तो आलाय. ती चूक सांगायलाच लिहायला बसले आहे, पण धंदा काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर चूक कशात होती ते कळणार नाही.

मी मूळची निपाणीची. लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा सासऱ्यांचं हार्मोनियम-तबल्याचं दुकान होतं. आमचे हे रेडिओ आणि लाउडस्पीकर दुरुस्त करायचे. यांना यंत्रांशी बोलता येतं, माणसांशी नाही. गिऱ्हाइकानं दोन प्रश्न विचारले की हे तिसऱ्याला आतल्या खोलीत गेलेले असायचे. मग काउंटरवर मी बसायला लागले, ती पस्तीस वर्षं बसले. सुरुवातीला लोक आत डोकावून विचारायचे, "मालक न्हाईत काय?" मी सांगायची, "मालक आत आहेत, पण ते फक्त सोल्डरिंग करतात. बोलायचं काम माझ्याकडे आहे." आता दुकान भाच्याकडे दिलंय. मी दुपारी दोन तास जाऊन बसते आणि त्याच्या कामात नाक खुपसते.

पेटी-तबल्याच्या शेजारी गिटार कधी येऊन बसली ते कळलंही नाही. साध्या गिटारला पोट असतं, त्यामुळे ती कुठेही वाजते. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे नुसती फळी. तार छेडली तर डब्याला ताणून बांधलेल्या रबरासारखा आवाज येतो. अ‍ॅम्प म्हणजे त्या गिटारचं बाहेर ठेवलेलं पोट. एका पेटीत आवाज वाढवणारं यंत्र आणि स्पीकर, बस्स, एवढंच ते.

लोकांची गफलत होते ती आकारात. दहा बाय बाराच्या खोलीत सरावासाठी पाच-दहा वॅट पुष्कळ होतात. मोठा अ‍ॅम्प घेतलात तर त्याचं बटण पहिल्या रेषेच्या पुढे कधी सरकतच नाही, आणि एवढ्या कमी आवाजात तो नीट खुलत नाही, झोपेतून उठवल्यासारखा कुरकुरतो. हे मी अनेकांना सांगितलं. कंग्राळीचा एक तरुण आला होता. घरची शेती, स्वतः शहरात नोकरीला. त्यानं कुठलाच अ‍ॅम्प वाजवून बघितला नाही. एकेक उचलायचा आणि खाली ठेवायचा.

"ह्यो हलका हाय आक्का," तो म्हणाला. "वजन न्हाय म्हंजे आत माल न्हाय."

"अहो, अ‍ॅम्प घेताय की सोयाबीनचं पोतं?"

"आमास्नी वजनावरच कळतंय," असं म्हणून तो सगळ्यात जड अ‍ॅम्प खांद्यावर मारून घेऊन गेला. आतून हे म्हणाले, तो अगदीच चुकीचं बोलला नाही. जुन्या अ‍ॅम्पमधला ट्रान्सफॉर्मर जड असायचा आणि तो जड असणं चांगलंच असायचं. मी म्हटलं, हे त्याच्यासमोर येऊन बोलायचं होतंत.

माझ्या माहेरचे एक निवृत्त गुरुजी आले. साठीनंतर गिटार शिकत होते आणि भलतेच लाजत होते. त्यांना "आवाज येऊ नये असा अ‍ॅम्प" हवा होता. मी त्यांना हेडफोनची सोय असलेला छोटा अ‍ॅम्प दिला. कानात घातलं की वाजवणाऱ्याला ऐकू येतं, घराला नाही. महिनाभरानं ते पत्नीला घेऊनच आले. बाई म्हणाल्या, "हे रोज दोन तास भिंतीकडं तोंड करून मान हलवत बसतात. काय वाजवतात ते मला एकदा ऐकायचंय." मी हेडफोन काढून गुरुजींना वाजवायला लावलं. बाईंनी शेवटपर्यंत मन लावून ऐकलं आणि गुरुजींना म्हणाल्या, "बरं आहे. पण अजून थोडे दिवस कानातच घाला." गुरुजींसकट आम्ही सगळे हसलो. तेव्हा मला वाटायचं की माणूस बघितला की त्याला काय हवं ते मला कळतं. वडगावचे परशराम आले ते मी अशा तोऱ्यात असताना.

परशराम विणकर. वडगावात घराच्या पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम. बरोबर मुलगी गौरी, कॉलेजात शिकणारी, अंगानं बारीक आणि पाठीवर तिच्याहून लांब वाटावी अशी पिशवी. ते दुकानात शिरले तेच मोठ्यानं बोलत. भांडायला आलेत की काय असं मला वाटलं.

"आक्का, हिला अ‍ॅम्प पायजे. मोठ्यातला द्या."

"काय वाजवतेस गं?" मी मुलीला विचारलं.

"बास," गौरी म्हणाली.

आमच्याकडे बास म्हणजे पुरे. पंगतीत आमटी वाढणाऱ्याला बास, रडणाऱ्या पोराला बास. 'बास दाखवा' म्हणत आलेल्या माझ्या पहिल्या गिऱ्हाइकाला मी "अहो, अजून काहीच दाखवलं नाही," असं दोनदा सांगितलं होतं. तर बास म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. गाणं चालू असताना ती लोकांना वेगळी ओळखू येत नाही, पण नसली की गाण्याखालची जमीन गेल्यासारखं होतं. तिला साध्या गिटारचा अ‍ॅम्प चालत नाही. ते जाड सूर लहान स्पीकरला झेपत नाहीत, त्याचा कागदी पडदा फाटतो. स्पीकर मोठा लागतो आणि पेटीही दणकट लागते.

मी परशरामांना विचारलं, "घरात कुठं ठेवणार?"

"व्हय व्हय, मोठाच द्या."

"वाजवणार कधी? सकाळी की संध्याकाळी?"

"माग हाईत की घरात. दोन हाईत."

मी एक विचारत होते, ते दुसरंच सांगत होते. हट्टी माणूस दिसतोय, मी मनात म्हटलं. मुलगी काही बोलत नव्हती, सारखी बापाच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी त्यांनी काउंटरवर तळहात टेकला आणि म्हणाले, "हिचं वाजवणं मला ऐकू आलं पायजे. बाकी काय बी न्हाय."

मी हिशेब केला. घरात दोन माग, शेजारीपाजारीही माग. वडगावच्या गल्लीतून दुपारी सायकलवरून जाताना स्वतःची घंटी ऐकू येत नाही. त्या खडखडाटावर मात करायची तर अ‍ॅम्पही तसाच हवा. दहा इंची स्पीकरचा, चाळीस वॅटचा बासचा अ‍ॅम्प मी त्यांना दिला. कधी नव्हे ते हे बाहेर आले आणि म्हणाले, "घरात एवढा मोठा?" मी म्हटलं, "मागाचं घर आहे, तुम्हाला नाही कळायचं." हे पुन्हा आत गेले. यांनी पस्तीस वर्षांत काउंटरवर एकच प्रश्न विचारला आणि तो बरोबर होता, हे मला आजही सलतं.

पाच-सहा महिन्यांनी भाचीच्या लग्नासाठी साड्या बघायला मी वडगावात गेले. परशरामांचं घर त्याच गल्लीत. विकलेल्या वस्तूची चौकशी करायची मला खोड आहे, म्हणून आत डोकावले. दोन्ही माग चालू होते. कोपऱ्यात माझा अ‍ॅम्प होता. त्याच्यावर जुन्या साडीचा तुकडा घातलेला आणि त्यावर सुताच्या कांड्यांची पाटी. अ‍ॅम्पचं टेबल झालं होतं.

गौरीनं मला बघितलं आणि ती कानकोंडी झाली. त्या खोलीत बोलणं शक्यच नव्हतं. ती मला मागच्या परड्यात घेऊन गेली.

"अ‍ॅम्प बिघडला काय गं?"

"न्हाय आक्का, चांगला हाय. पण माग चालू असताना वाजिवलं तर माझं मलाच ऐकू येत न्हाय. मागाचा दणका बी जाड, बास बी जाड. दोनी एकात एक मिसळतंय."

"मग माग बंद असताना वाजव की."

"माग कवा बंद असतंय?" ती म्हणाली. "करंट गेल्यावर."

करंट म्हणजे वीज. ती गेली की माग थांबणार, आणि माग थांबले की त्या घरात शांत होणार. पण त्याच क्षणी मी दिलेला चाळीस वॅटचा अ‍ॅम्पही थांबणार. शांतता आणि वीज त्या घरात एका वेळी नसतातच, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आयुष्य बेळगावात गेलं माझं.

"आणि रात्री?"

"रात्री माग थांबल्यावर तितंच हातरुणं पडत्यात. मी कानात घालून वाजिवते. कॉलेजात बी वाजिवते. माझं चाललंय आक्का. पण आप्पांस्नी कुठं ऐकू येतंय?"

मग तिनं जे सांगितलं ते दुकानातच माझ्या लक्षात यायला हवं होतं. परशरामांचे कान जवळजवळ गेले होते. लहानपणापासून मागाजवळ काम केलेलं. कानाचं मशीन होतं, पण ते घातलं की मागच मोठा व्हायचा, म्हणून ते काढून ठेवायचे. त्या दिवशी मी विचारलेलं त्यांना ऐकूच आलं नव्हतं. ते अंदाजानं उत्तरं देत होते, आणि बापाची ही गोष्ट चार लोकांत उघडी पडू नये म्हणून पोरगी गप्प उभी होती. मी त्या माणसाला हट्टी म्हटलं होतं.

"आदी मी साधी गिटार वाजवत हुते," गौरी सांगत होती. "कॉलेजच्या कार्यक्रमाला आप्पा आलते. घरी आल्यावर मी इचारलं, कसं झालं? तर म्हणाले, तुझं काय कळलं न्हाय बाळ, पर ते मागं एक पोरगं जाड वाजवत हुतं न्हवं, तेवढं लागलं."

"लागलं म्हणजे?"

"म्हंजे कळलं. अंगाला. दुसऱ्या दिवशी मी सरांस्नी सांगितलं, मला बास द्या."

पोरीनं वाद्य बदललं होतं. आपल्या आवडीसाठी नाही, बापाला जेवढं कळतं तेवढ्यासाठी. आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की आहे तेवढंही पुढे राहील असं नाही. परड्यात उभं राहून मला रडू आलं. ते मी दाबलं नाही, आता या वयात दाबायचं तरी कशाला?

त्या दिवशी साड्या न बघताच मी घरी आले आणि यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, बरोबर आहे, मागाच्या आवाजानं कानाला बारीक सूर ऐकू येणं आधी जातं, जाड शेवटी जातात. मी दुसऱ्याच आठवड्यात बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प घेऊन वडगावला गेले. वडगावात त्या दिवसांत लाइनच्या कामासाठी आठवड्यातून एक दुपार करंट जायचा, ती दुपार धरली. माग थांबले. गौरीनं बास लावली. छोट्या स्पीकरमधून खालचे सूर निघेनात, नुसती तारांची टकटक. परशरामांनी जवळ येऊन त्यावर हात ठेवला, थोडा वेळ थांबले आणि लेकीकडे बघून विचारलं, "वाजतंय व्हय?"

गौरीनं होय म्हणून मान हलवली. त्यांनी हात काढून घेतला. "चांगलं हाय," ते मला म्हणाले. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले. मी तो अ‍ॅम्प पिशवीत घातला आणि त्यांचा मोठाही रिक्षात टाकून परत आणला.

दोन्ही पेट्या मी यांच्या समोर ठेवल्या. "मोठा करंटवाचून चालत नाही आणि छोट्याला जोर नाही. आता काय करायचं ते करा."

यांनी माळ्यावरून धुळीनं भरलेला एक लोखंडी डबा खाली काढला. पूर्वी गावोगावच्या भजनाला आणि जत्रेतल्या पुकाऱ्याला जायचा तो लाउडस्पीकरचा अ‍ॅम्प. त्याच्या पाठीला विजेच्या वायरीशेजारी दोन खुंट्या होत्या, लाल आणि काळी, मोटारीच्या बॅटरीला जोडायला. "पूर्वी गावात करंट होता कुठं?" हे म्हणाले. "तरी भजन व्हायचंच की." एवढं बोलून खोलीचं दार लावलं. पुढचे पंधरा दिवस यांचं जेवण मी आतच नेऊन दिलं. मोठ्या अ‍ॅम्पची पेटी तीच ठेवली, दहा इंची स्पीकर तोच. आतलं यंत्र मात्र काढून जुन्या डब्यातलं बसवलं, बासला मानवेल असं करून घेतलं आणि बाजूला बॅटरीची जागा केली. बाहेरून बघणाऱ्याला काही बदललं नव्हतं. अशी वस्तू कुठल्या कंपनीत मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर दिसायलाही काही खास नव्हती.

पुढच्या तशाच एका दुपारी पेटी घेऊन हेही माझ्याबरोबर वडगावला आले. गिऱ्हाइकाच्या घरी हे पहिल्यांदाच येत होते. करंट जायची वेळ झाली होती. परशराम मागापाशी अनवाणी उभे होते. त्यांनी एकदम माग थांबवला, वाकून तुटलेलं सूत जोडलं आणि पुन्हा चालू केला. "तुम्हाला कळलं कसं?" मी हातवारे करत विचारलं. "तळपायाला कळतंय आक्का. माग अडखळला की भुई सांगती."

आणि करंट गेला. आधी त्यांचे दोन, मग शेजारचे, असे गल्लीतले सगळे माग थांबले. इतका वेळ नसलेले आवाज वर आले. कुठेतरी भांडं पडलं, कोणीतरी हाका मारत होतं. गौरीनं बासची वायर पेटीत लावली. यांनी बॅटरी जोडली आणि बाजूला झाले. परशराम पेटीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

गौरीनं पहिला सूर लावला तेव्हा शेजारच्या पाटीतल्या सुताच्या कांड्या थरथरल्या. मी तिच्याकडे बघितलंच नाही, परशरामांकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटले नाहीत की काही नाही. माग चालू असताना जसा चेहरा असतो तसाच होता, लक्ष देणारा. थोड्या वेळानं पेटीवरचा त्यांचा अंगठा हळूच वर-खाली व्हायला लागला. गौरी एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवत होती, फिरून त्याच जागी येत होती. मध्ये ती एकदा हसली, तेव्हा तिचं काहीतरी चुकलं असावं. आम्हाला कोणालाच कळलं नाही. दारात उभे असलेले हे मान हलवत होते.

अर्धा-पाऊण तास झाला असेल. डोक्यावरचा दिवा एकदम लागला. शेजारचा माग सुरू झाला, मग त्याच्या पलीकडचा. गौरीनं सवयीनं तारांवर हात दाबून आवाज थांबवला. विणकराच्या घरात करंट आल्यावर कोणी बसून राहत नाही, तेवढ्या वेळात किती वार कापड निघतं ते घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. ती बापाच्या तोंडासमोर वाकली आणि ओठ नीट दिसतील असं बोलली, "बास आता, आप्पा. करंट आला."

परशरामांनी पेटीवरचा हात काढला नाही.

"बास कुठलं? मगाशी हसलीस न्हवं, तवा एक ठोका चुकलीस. परत वाजीव."